तळ्याचं पाणी

सावली, मंगळवार, २३ जानेवारी २००७

परवा दादाची तेरवी आहे. काल संध्याकाळी वहिनी आली. म्हणाली, "भाऊजी, तळ्यावरचा त्यायचा फोटो द्या ना. दुसरा कुठी नाई." मी मान हलवली. कशाला हलवली?

दिवाळीत माझी पोरगी मंगला मच्छीमार सोसायटीची वेबसाइट बनवत होती. कोड हातानं लिहायची, फोटो फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये नीट करायची. तेव्हा जाळ्याच्या वाटणीवरून मी दादाशी बोलत नव्हतो. मीच तिला म्हटलं, "तळ्यावरच्या आमच्या फोटोतून काढून टाक त्याले." तिनं बाजूचं पाणी उचलून उचलून दादावर पसरवलं. माझ्या खांद्यावरचा त्याचा हात तेवढा निघेना, माझा सदरा बिघडत होता.

आज मंगलाला मूळ फोटो मागितला.

"बाबा, त्याच्यावरच सेव्ह केला. तुमीच म्हणले, जुना ठेवू नको."

"मग पाणी काढ ना."

"पाण्याखाली काही नाई, बाबा."

तेव्हापासून तेच ऐकू येतंय. फोटो पुन्हा पाहिला. मी एकटा उभा, खांद्यावर दादाचा हात. तेवढा हातच मोठा करून वहिनीला द्यावा का? नको. जाळी विणून वाकडी झालेली ती बोटं ती लगेच ओळखेल. मग विचारेल, हात इथं हाये, बाकीचे ते कुठी गेले?