खिडकीकडचा कोपरा

प्रिय बोग्लार्का,

सांस्कृतिक भवनातली टेबल टेनिसची चारही टेबलं, जाळ्यांचे आठ खांब, गुणफलक आणि त्यावरचे उलटायचे आकडे, पंचाची उंच खुर्ची, विजेत्यांच्या नावांची फळी, आणि तुझी लाल-काळी बॅट. एवढं सगळं मी माझ्या हातांनी केलं आणि कुणाकडे शिकायला गेलो नाही. पहिल्या टेबलाच्या वेळी माप घ्यायला शेजारच्या गावच्या शाळेत दोरी घेऊन गेलो होतो. येताना पाऊस लागला, दोरी आखडली, म्हणून दुसऱ्या दिवशी लोखंडी पट्टी घेऊन पुन्हा नऊ किलोमीटर सायकल मारली. लांबी दोनशे चौऱ्याहत्तर, रुंदी एकशे साडेबावन्न, उंची शहात्तर सेंटीमीटर. तीस सेंटीमीटरवरून सोडलेला चेंडू तेवीस उसळला पाहिजे. मी वितीवितीवर सोडून पाहिला. तुला हे तोंडपाठ आहे, पुढची तीन टेबलं झाली तेव्हा चेंडू सोडायला तूच होतीस. तरी पुन्हा लिहितोय, त्याला कारण आहे. वाचत राहा.

स्पर्धा झाली, फेब्रुवारीच्या दुसऱ्या शनिवारी, नेहमीप्रमाणे. दर रविवारी तिकडे सेगेद शहरातून तू आईला फोन करतेस, कोंबड्यांपासून शेजारणीच्या गुडघ्यापर्यंत सगळ्यांची चौकशी करतेस, पण स्पर्धेचं नाव काढत नाहीस. वर्ष झालं. बॅट तू खणात टाकून गेलीस आणि तिकडच्या क्लबातही गेली नाहीस, हे आईने सांगितलं. मी म्हणत होतो, रुसवा आहे, उतरेल. आई म्हणाली, रुसवा नाही, पोरीने खेळ सोडलाय. त्या दिवसापासून मला नीट झोप नाही. पण आज रडगाणं लावायला बसलेलो नाही. दिवस फार मजेत गेला, तो सांगायचाय.

एकतीस जण होते. दाराशी वितळलेल्या बर्फाचा चिखल, आत बटाट्याच्या गरम पोगाचा-पावांचा वास, आणि रेडिएटर असे तापलेले की आंब्रुश पहिल्याच फेरीत बनियनवर आला. टपाल वाटून वाटून त्याच्या पायांना काय झालंय देव जाणे, माणूस साठीला आला तरी टेबलाभोवती भोवऱ्यासारखा फिरतो. हरेल त्याने पुढच्या सामन्याला पंच म्हणून बसायचं, हा आपला नियम या वेळीही सगळ्यांना पुरून उरला. मुख्याध्यापक हरले, लालेलाल होऊन खुर्चीवर चढले आणि पहिल्याच सर्व्हिसला त्यांनी गुण उलटा दिला. त्यांना सगळ्यांनी इतकं चिडवलं की शेवटी तेही हसायला लागले. उपान्त्य फेरीत माझ्यासमोर बेकरीवाली गिझेला. तिची बडबड तुला माहीत आहे. सर्व्हिस करता करता ती मला विचारते, वेन्डेल, तुझ्या घरी पाव कालचा खातात की आजचा? मी उत्तराचा विचार करेपर्यंत चेंडू मागे गेलेला असतो. पाचव्या डावात मी कान बंद केले आणि तिला हरवलं. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा मी अंतिम सामन्यात पोचलो. समोर आंब्रुश. आणि नियमाप्रमाणे खुर्चीवर गिझेला.

आता गेल्या वर्षीचं लिहावंच लागेल. तेव्हा आंब्रुशकडून मी हरलो होतो, म्हणून त्या खुर्चीवर मी होतो आणि खाली तू नि तो. आपल्या गावात कुठल्याच बाईने विजेत्याची ती तांब्याची कढई जिंकलेली नव्हती. पाचवा डाव, दहा-नऊ, तू पुढे. तुझा फटका त्याच्या बाजूला, खिडकीकडच्या कोपऱ्यावर लागून खाली गेला. तू हात वर केलास. मी म्हणालो, कडेखालच्या बाजूला लागला, गुण नाही. तू एवढंच म्हणालीस की बाबा, कड आहे. आणि मी सगळ्या भवनाला ऐकू जाईल असं बोललो, की हे टेबल मी केलंय, वरच्या कडेला लागला तर टिक वाजतं, खालच्या बाजूला लागला तर थप, आणि आत्ता थप वाजलं. आंब्रुश दुसरीकडे झेपावला होता, त्याला काही दिसलं नव्हतं. माझा शब्द सगळ्यांनी प्रमाण मानला. दहा-दहा झाले, मग बारा-दहा, तू हरलीस. तू त्याच्याशी हात मिळवलास, मग पंचाशीही मिळवलास, अनोळखी माणसाशी मिळवावा तसा. घरी आल्यावर तुझी आई मला म्हणाली, तुला लाकडाचं ऐकू येतं, पोरीचं नाही. मी त्यावरही तिला टिक आणि थप यातला फरक समजावत बसलो होतो.

तर या वर्षीचा पाचवा डाव. दहा-नऊ, मी पुढे. आंब्रुशने उलट्या हाताने तिरका चेंडू काढला. मी खिडकीकडच्या कोपऱ्याशी उभा होतो, चेंडू माझ्यापासून हातभर अंतरावर पडला. पांढऱ्या रेघेवर पडला, बोगी. वरून पडला. मी तो रेघेवर पाहिला आणि त्याच वेळी कानाने थप ऐकलं.

गिझेलाने वरून निकाल दिला, बाजू, अकरा-नऊ. लोक उठले, मुख्याध्यापकांनी माझ्या पाठीवर थापा मारायला सुरुवात केली, आंब्रुश हात पुढे करून येऊ लागला. मी हात दिला नाही.

"कड होती," मी म्हणालो.

"अरे थप वाजलं," गिझेला म्हणाली. "तूच शिकवलंस ना आम्हाला?"

"वाजलं थप. पण होती कड."

मग मी खाली वाकलो आणि नखाने कडेवर ठोकत निघालो. टिक, टिक, टिक, टिक, आणि कोपऱ्यापाशी वीतभर अंतर नुसतं थप. टेबलाच्या फळीखाली कडेने मी बीच लाकडाची पट्टी चिकटवलेली आहे, ती तिथे सुटली होती. वरून पाहणाऱ्याला केसाएवढी फटही दिसली नसती. कारण मला तिथे गुडघ्यांवर असतानाच आठवलं. हे पहिलं टेबल करताना माझ्याकडे पट्टी दाबून धरायचे क्लॅम्प सात होते आणि लागत होते आठ. आठव्यासाठी पैसे घालायचे नाहीत म्हणून त्या टोकाला मी तुझ्या आजीची कोळशाची इस्त्री ठेवली होती, आणि वर सगळ्यांना सांगत फिरलो होतो की डोकं असलं की सातात भागतं. सरस धरलाच नव्हता नीट. खिडकीखालच्या रेडिएटरने उरलेलं काम केलं. वितीवितीवर चेंडू सोडून पाहणाऱ्या मी कड कधी ठोकून पाहिली नव्हती.

दहा-दहावर पुन्हा खेळलो. माझे डोळे त्या कोपऱ्यावरून हलेनात, आंब्रुशने विचारलं, "सुतारकाम आधी उरकतोस का?" आणि सगळं भवन हसलं, मीही हसलो, आणि तेरा-अकरा हरलो. वाईट वाटलं का? शप्पथ सांगतो, नाही वाटलं. मी घामेजलेला तिथेच उभा राहिलो आणि म्हणालो, गेल्या वर्षी याच कोपऱ्यावर माझ्या मुलीचा चेंडू पडला होता. ती कड म्हणाली होती.

मग आंब्रुश फळीपाशी गेला. टपालाच्या पिशवीतून त्याने सुतळी कापायची सुरी काढली आणि गेल्या वर्षासमोरचं स्वतःचं नाव स्वतः खरवडून काढलं. म्हणाला, चुकीच्या पत्त्यावर आलेलं पाकीट ठेवून घेतलं तर माझी नोकरी जाईल. गिझेला खुर्चीवरून उतरली आणि मला म्हणाली, "चढ. निकाल पंचाने दिला होता, पंचानेच बदलायचा." मी चढलो. ही खुर्ची इतकी उंच का केली असा प्रश्न मला पहिल्यांदाच पडला. मी म्हणालो, गेल्या वर्षीचा अंतिम सामना, पाचवा डाव, अकरा-नऊ, बोग्लार्का. लोकांनी चारही टेबलांवर तळहातांनी असा ठेका धरला की एरवी मी एकेकाला बाहेर काढलं असतं. तुझी आई मागच्या बाकावर रुमालात तोंड घालून हसत होती की रडत होती, मला विचारू नकोस, मलाही तिने सांगितलेलं नाही. आणि आंब्रुशचा निरोप आहे. विजेत्याने कढईत गावाला माशाचं कालवण घालायचं ते गेल्या वर्षी त्याने घातलं, म्हणजे तुझ्या वतीने घातलं. आभार मानायला स्वतः ये, फोनवर चालणार नाही.

फळीवर तुझं नाव मी सोमवारी लिहिलं, चार सेंटीमीटरची अक्षरं, इतरांइतकीच. पण ते लोकांसाठी झालं. हे पत्र तुझ्यासाठी आहे, कारण एक वाक्य मी भवनात बोललो नाही आणि फोनवर मला जमणार नाही. मी चुकलो, बोगी. सरस धरला नाही ही लहान चूक. तू डोळ्यांनी पाहिलेलं सांगत होतीस आणि मी माझ्या कारागिरीची बाजू घेतली, ही मोठी. टेबल घरी आणलंय. पट्टी काढली, जुना सरस तासला, आठवा क्लॅम्प विकत घेतला. ईस्टरला ते माझ्या कामाच्या खोलीत उभं असेल. तू ये, कड स्वतः ठोकून बघ, आणि मन झालं तर खेळ. नाही झालं तर नुसती ये. स्पर्धेच्या दुसऱ्याच दिवशी, रविवारी सकाळी, गरम पाण्याच्या कुंडाजवळचा लॉजवाला कोर्नेल गाडीला ट्रॉली जोडून दारात उभा होता. त्याला हेच टेबल हवं होतं, सुटलेल्या पट्टीसकट, पाहुण्यांना किस्सा सांगायला. मी म्हटलं, किस्सा अजून संपलेला नाही, माझ्या मुलीला यावर खेळायचं असेल. तो आकडा वाढवत गेला आणि मी नाही म्हणत गेलो. शेवटचा आकडा साडेसहा लाख फोरिंट होता, चार नव्या टेबलांची किंमत, रोख.

तुझाच, आता कड ठोकून पाहायला शिकलेला,
बाबा