राखीव साठा, मिरच्या पाच

२५ मे २०२५, रविवार. सकाळी ७.००
आजपासून ही वही. कोणी वाचावं म्हणून नाही, रेकॉर्ड पाहिजे म्हणून. छत्तीस वर्षं सिंचन खात्यात काढली, रेकॉर्डशिवाय मले चैन पडत नाही.

विषय : मिरची.

वरची फळी आवरताना फडक्याची पुरचुंडी सापडली. आत बायकोच्या, साधनाच्या मिरच्या. वाळलेल्या, सोळा. तिच्या माहेरची जात, चांदूर बाजारकडची. बुटकी, जाड, वर तोंड करून लागते. दरवर्षी ती बी धरायची. माहेरी आता सगळे पाकिटातलं बी लावतात. म्हणजे जगात या जातीच्या एवढ्याच उरल्या, सोळा.

साधनाले जाऊन सहा महिने झाले. वर्षश्राद्ध तिथीनं ३ नोव्हेंबरले येते. त्या दिवशी पानात याच मिरचीचा ठेचा वाढणार, ठरलं. नागपूरले पोरीले, प्रणालीले, फोन करून सांगून टाकलं. ती म्हणाली, बाबा, तुमाले जमेल का? म्हटलं, मी धरणाचं पाणी शेवटच्या वावरापर्यंत पोचवलं, दोन कुंड्यांचं काय घेऊन बसली!

भावनेचा प्रश्नच नाही. प्रोजेक्ट आहे.

२७ मे
सात मिरच्यांचं बी काढलं. मग त्याच हातानं डोळा चोळला. अर्धा तास नळाखाली.

साधना म्हणाली, आधी हाताले तेल लावा. म्हणजे, ती असती तर म्हणाली असती. लावलं.

३ जून
पेरणी. आइस्क्रीमच्या डब्यांत. पाणीपाळी ठरवून टाकली : सकाळ, दुपार, संध्याकाळ. भिंतीवर तक्ता चिकटवला, खाली सही केली.

१० जून
उगवण शून्य. पाणीपाळ्या चार केल्या.

१४ जून. सकाळी ६.१०
उगवलं! एकोणीस! प्रणालीले फोटो पाठवले, नऊ. तिनं अंगठा पाठवला.

१७ जून
एकोणीसच्या एकोणीस आडवी. देठ बुडाशी काळे. शेजारचे नत्थुजी भिंतीवरून वाकून पाहून गेले. तिवशाकडे चाळीस वर्षं शेती केली म्हणून त्यांना वाटते आपल्याले सगळं समजते. म्हणाले, साहेब, मूळ सडलं, पाणी लय झालं. सिंचन खात्याच्या माणसाले पाण्याबद्दल सांगतात! म्हटलं, माती बेकार आहे.

आत येऊन हात धुतले, तर मागून साधना म्हणाली की एवढंसं लेकरू, त्याच्यावर बादली काहून रिकामी करून राहिले. मागे वळून पाहिलं नाही. पाहायचं कारण नव्हतं. आवाज हा आठवणीचा प्रकार आहे, मेंदूत जुनी फाइल उघडते, एवढंच.

२२ जून. सकाळी ११.००
स्वयंपाकघरातून मिरचीच्या फोडणीचा वास आला. खमंग. मागोमाग खोकला. ती फोडणी देताना खोकायची तसाच, दोनदा, मग एकदा.

गॅस बंद. कढई पालथी. मी सकाळपासून फक्त पोहे खाल्ले, तेही दुकानातले.

कारण शोधलं : नत्थुजीकडचा वास वाऱ्यानं आला. खुलासा पूर्ण.

११.४०. नत्थुजीकडे कुलूप आहे. सगळे वरूडले लग्नाले गेले. म्हणजे वास आणखी लांबून आला. वारा जोरात होता.

२९ जून
फेरपेरणी. चार मिरच्यांचं बी. उरलेल्या पाच राखीव साठा म्हणून ठेवल्या. कुठं ठेवायच्या यावर विचार केला. कपाटात ठेवल्या तर उंदीर, देवघरात ठेवल्या तर मुंग्या. शेवटी मसाल्याच्या फळीवर, मीठ-मोहरीच्या शेजारी, मिरचीच्या डब्यात. मिरचीच्या डब्यात मिरची कोण शोधते? शंभर टक्के सेफ.

पाणीपाळी एक. नत्थुजीचा याच्याशी संबंध नाही.

२० जुलै
तीन जगली. कुंड्या नंबर एक, दोन, तीन. तब्येत उत्तम.

ऊन पाहिजे म्हणून सकाळी तिन्ही पायरीवर मांडतो. दुपारी झोपून उठलो की तीन नंबरची कुंडी सावलीत, तुळशीमागे. आज तिसरा दिवस. मी हलवली नाही. घरात दुसरं कोणी नाही.

साधनाले कडक ऊन चालायचं नाही, स्वतःलेही आणि झाडालेही. हे फक्त नोंदीसाठी.

२७ जुलै
शास्त्रीय चाचणी. कुंडीखाली खडूनं गोल आखला, वेळ १.१५. झोपलो. उठलो ३.४०. गोल पायरीवर, कुंडी तुळशीमागे.

चिंतेची बाब आहे. आज दोन भाकरी जास्त गेल्या. कपडे इस्त्रीचे घातले, असंच.

१० ऑगस्ट
एक नंबरचं रोप बकरीनं बुडापासून खाल्लं. फाटक मी उघडं ठेवलं असं नत्थुजीचं म्हणणं आहे. फाटकाची कडीच ढिली आहे.

दुपारचा चहा हल्ली मागच्या पायरीवर घेतो, चार वाजता. तिथं बरं वाटते. साधना सांगत होती (आठवणीत) की दोन नंबरची माती हलवा, घट्ट झाली. हलवली. खुरप्यानं मूळ तुटलं.

म्हणजे आता तीन नंबर. एकच असलं की लक्ष नीट देता येते.

१४ सप्टेंबर
तीन नंबरले सात फुलं! प्रणालीले कळवलं, ठेचा पक्का. पाट्यावर वाटायचा, मिक्सरमध्ये नाही, पाटा धुऊन ठेवला.

साधना खूश आहे. असावी, असं म्हणायचं होतं.

२१ सप्टेंबर
फुलं गळली. सहा. सातवं मी मोजताना गळलं.

२८ सप्टेंबर
पानं वर वळून राहिली, चुरडल्यासारखी. नत्थुजीनं पाहिलं न पाहिलं, म्हणाले, बोकड्या आला साहेब, उपटून फेका. बोकड्या म्हणजे मिरचीचा रोग, पानं आखडतात, मग झाड काही देत नाही. मले तसं वाटत नाही. जुन्या जातींची पानं अशीच असतात. ठेवण आहे ती.

उपटून फेका म्हणे! माणूस आजारी पडलं तर उपटून फेकता का तुमी? असं मी जरा जोरानंच बोललो. नत्थुजी हळूच म्हणाले, साहेब, झाडाबद्दल बोलून राहिलो मी.

५ ऑक्टोबर
नत्थुजी मुद्दाम फाटकातून आले. म्हणाले, एक गोष्ट सांगायची राहिली. दुपारी तुमी झोपता तेव्हा कुंडी मीच भिंतीवरून हात घालून सावलीत सरकवायचो, रोप होरपळून जाईल म्हणून. वैनी असत्या तर त्यायनं तेच केलं असतं. तुमाले वाईट वाटू नये म्हणून बोललो नाही.

खोटं बोलतात. भिंतीपासून तुळस चार फूट. नत्थुजीचा हात एवढा लांब नाही. फुकटचं श्रेय घ्यायची सवय असते काही लोकांना.

मोजून पाहिलं. अडीच फूट आहे. तरी पण.

१२ ऑक्टोबर
३ नोव्हेंबरपर्यंत मिरची लागेल असं दिसत नाही. हरकत नाही. पाच राखीव आहेत. वर्षश्राद्धाले बाजारची, पुढच्या वर्षी घरची. शेड्यूल थोडं पुढे सरकलं, प्रोजेक्ट बंद नाही.

साधनाले सांगितलं. तिचं म्हणणं, घाई कशाची आहे. मी आता 'आठवणीत' वगैरे लिहीत बसणार नाही. वही माझी आहे.

२३ ऑक्टोबर, भाऊबीज
मोठी बहीण पार्बताबाई अकोल्यावरून आली. यंदा सण नाही तरी आली, म्हणे एकटा आहेस.

चार वाजता तिनं मले मागच्या पायरीवर पकडलं. मी तीन नंबरशी दोन शब्द बोलत होतो. चहाचे कप दोन होते. म्हटलं, दुसरा पण माझाच. बाईनं दुसऱ्या कपात बोट घालून पाहिलं. थंड, साय आलेली. कपाकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, वळलेल्या पानांकडे पाहिलं, आणि पदर तोंडाशी नेला.

जेवताना म्हणाली, देवा (मले ती लहानपणापासून देवाच म्हणते), तुले लागिर झालं. ती गेली नाही, झाडात अडकून राहिली.

मी हसलो. शिकलेल्या माणसानं काय बोलावं यावर! म्हटलं, बाई, असं काही नसते.

मनात म्हटलं, चला, आणखी एका माणसाले दिसलं. रात्री मस्त झोप लागली.

२५ ऑक्टोबर, शनिवार
सकाळी नत्थुजीकडे फवारणीचं विचारायले गेलो. वीस मिनिटं. परत आलो तर बाईनं मले दारातच उभं केलं. मूठ गच्च मिटलेली. म्हणाली, हलू नको. सात वेळा उतरवलं डोक्यावरून पायापर्यंत, आल्यागेल्याची, घरातलीची, बाहेरच्याची असं पुटपुटत. मग तीन नंबरच्या कुंडीवरून तीनदा. मी हसत उभा. म्हातारं माणूस, करू द्या.

मूठ उघडून गॅसवरच्या तव्यात टाकली. मीठ, मोहरी आणि पाच लाल मिरच्या.

बुटक्या. जाड.

मी ओरडलो. तव्यात हात घातला. दोन बोटं भाजली. मिरच्या तोवर काळ्या झाल्या होत्या. बाई म्हणत होती, अरे मीठ, मोहरी, मिरची एकाच जागी मांडून ठेवली होती, मले वाटलं तूच काढून ठेवली दृष्टीसाठी.

आणि मग ठसका आला.

असा की बापा, काय सांगू! घसा फाटला, नाकातून पाणी, डोळे बंद. बाई ओट्याले धरून खोकते, मी दाराले धरून. नत्थुजी भिंतीपलीकडे खोकले. पूर्ण गल्ली खोकली असेल.

खोकला थांबल्यावर बाईनं चेहरा पुसला आणि एकदम हलकी झाली. म्हणाली, एवढा ठसका आला म्हणजे काही नाही रे तुह्यावर. दृष्ट असती, बाहेरचं काही असतं, तर मिरची जळाली तरी वास आला नसता. झाडावर पण नाही. घरात कोणी नाही देवा, निजत जा आता नीट.

मी म्हटलं, पुन्हा काढ.

ती म्हणाली, कशाले?

मी म्हटलं, मिरच्या दीड वर्ष जुन्या होत्या, टेस्ट बरोबर झाली नाही. मीठ ओलं होतं. एकच रीडिंग घेऊन निष्कर्ष काढत नाही कोणी. बाजारातून ताज्या आणतो, पुन्हा काढ. चप्पल पण घातली मी. बाईनं माझा हात धरून खाली बसवलं आणि भाजलेल्या बोटांले तूप लावलं. ती रडून राहिली होती. माझे डोळे मिरचीनं.

२७ ऑक्टोबर
बाई अकोल्याले गेली. चार वाजता पायरीवर बसलो. एक कप.

तीन नंबर उपटली. नत्थुजीनं मदत केली. मुळाशी पाणी साचलं होतं.

३ नोव्हेंबर, सोमवार
वर्षश्राद्ध झालं. प्रणाली, पार्बताबाई, नत्थुजी, सगळे होते. ठेचा मीच केला, बाजारच्या मिरचीचा, पाट्यावर. फोडणी दिली, खोकलो, जरा थांबलो, मग पुढचं केलं.

मीठ जास्त पडलं. खारट झाला होता. सगळ्यांनी खाल्ला.