एकाच वाटीतली साय

४ मार्च

ती. ताईस,
गोट्याचा शि. सा. न. (जन्मताना तू धक्का मारून पुढे गेलीस, म्हणून मला आयुष्यभर वाकावं लागतंय.) वि. वि.

शिलाईचं दुकान बरं चाललंय. गिऱ्हाइकांच्या पोटाला टेप लावतो, पण स्वतःच्या पोटाला लावायची हिंमत झाली नव्हती. ते काम डॉक्टरांनी केलं. रक्तात साखर, यकृतावर चरबी. बाबांचंच दुखणं, फक्त त्यांच्यापेक्षा लवकर आलं. गोळ्या घेतो, सकाळी चालतो. माझी काळजी करू नकोस.

काळजी आईची आहे. डॉक्टर तिच्यादेखत बोलून गेले की लहानपणापासून लाड जास्त झालेले दिसतात. तेव्हापासून ती शेगडीजवळ जात नाही. मी दुकानातून येऊन अंडी उकडतो, ती दोन घास खाते आणि बाकीचं चिवडत बसते. तिच्या कपड्यांची शिवण मला आत घ्यावी लागली. परवा म्हणाली, साय भरवून भरवून मीच याला मारलं. मी म्हटलं, अगं, मेलेला माणूस काजं करतोय का? पण हसली नाही.

आठवतं ना, दुधावरची साय, वर साखर, एकच वाटी आणि मधे आईने चमच्याने ओढलेली रेघ? तू हमखास रेघ ओलांडायचीस. दुपारची शाळा, पायरीवरचं ऊन, तुझे साखर लागलेले ओठ, सगळं परवा डोळ्यांपुढे आलं. मग मला जे झालं ते तुला कसं नाही? तूही काही काडी नाहीस. (रागावू नकोस, तुझी मापं माझ्याकडे आहेत.) तू तर जन्म प्रयोगशाळेतल्या उंदरांना खाऊ घालण्यात घालवलास. आईला पटेल असं काहीतरी लिही. माझं ऐकत नाही.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा,
गोट्या

११ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

गोट्याने सगळं कळवलं. आज तुला माझ्या उंदरांची गोष्ट सांगते. एरवी तू नाक मुरडतेस, पण एवढी ऐक.

आमच्याकडे एकाच विणीची पिल्लं असतात, सख्खे भाऊबहीण. सगळ्यांना सारखंच तेलकट खाणं देतो. काही आठवड्यांनी बघावं तर भावांच्या यकृतावर चरबी आणि रक्तात साखर. बहिणी मात्र बराच काळ टिकून राहतात. आणि तिथे लाडाने भरवणारी आई नसते गं, पिंजऱ्यात नुसत्या त्या तेलकट खाण्याच्या गोळ्या असतात.

माझ्या पेशींत एक्स नावाची गुणसूत्रं दोन आहेत. गोट्याच्या वाट्याला एकच, आणि सोबत एक चिमुकलं वाय. माझ्या दोनांतलं एक बहुतेक झोपलेलं असतं, पण त्यावरची काही जनुकं जागी राहतात. भूक किती लागावी, चरबी कुठे साठावी, यात त्यांचाही हात असतो आणि अंगातल्या संप्रेरकांचाही. बाईची चरबी मांड्यांवर, कातडीखाली बसते. पुरुषाची पोटात शिरते, आणि तीच जास्त छळते. पाळी गेली की आमचंही हे कवच पातळ होतं. सगळं आम्हालाही अजून उमगलेलं नाही. शिवाय बाबांकडून आलेलं आहेच, आणि गोट्याचं दिवसभर मशीनपुढे बसून गोड चहा ढोसणंही. एकट्या तुझ्या चमच्यावर कसं ढकलायचं?

जेवत जा. तुझा हात डोक्यावर असू दे.
तुझी,
ताई

२१ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उलटलं. आईने ते माझ्याकडून मोठ्याने वाचून घेतलं आणि म्हणाली, म्हणजे दोघांची शरीरं वेगळी होती तर. रेघ ओढून सारखं वाटून दिलं, तो न्याय समजत होते, तीच चूक झाली. झालं, आगीतून फुफाट्यात! त्या दिवशी तिने अंडंही खाल्लं नाही.

मग माझं डोकं फिरलं. दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवलं आणि भोपळ्याचं सूप करायला घेतलं. भोपळा करपला, घरभर धूर झाला. आई दारात आली तेव्हा मी उरलेला भोपळा चिरत होतो. मी म्हटलं, तू मला भरवलंस, पण शिकवलं काहीच नाहीस. आता या वयात माझं मी कमी तेलात, बिनसाखरेचं करून खायचं, तर मला कोण शिकवणार? तिने करपलेलं भांडं शेगडीवरून उतरवलं. मग माझ्या हातातून सुरी काढून घेतली आणि म्हणाली, भोपळा असा चिरतात होय रे?

त्या रात्री ती पोटभर जेवली. तुला स्वतःच लिहिणार आहे म्हणते.

तुझा,
गोट्या

२ एप्रिल

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

गोट्या आता भाजी बरी करतो. मीठ जास्त टाकतो, गाजर कापड बेतल्यासारखं कापतो आणि मी बोलले की ताईला कळवीन म्हणतो. पोटही थोडं उतरलंय. तुझं कवच पातळ होतं असं तूच लिहिलंस, तेव्हा तूही रक्त तपासून घे. उंदरांचं रोज बघतेस, स्वतःचं कधी बघणार?

तुम्ही दोघं मला समजवायला निघालात, पण एक गोष्ट तुम्हाला ठाऊक नाही. तू जन्मलीस ती टाहो फोडत. गोट्या मागून आला तो मुठीएवढा, निळसर, रडायचंही त्राण नसलेला. याची आशा धरू नका, असं डॉक्टर तुझ्या बाबांना बाहेर सांगत होते, ते मला ऐकू आलं. एक म्हातारी नर्स होती. ती म्हणाली, बाई, थेंब थेंब का होईना, पाजत राहा. मी पाजत राहिले. पुढे तो धडधाकट झाला, तरी माझा हात थांबायला शिकला नाही.

काल तो फोडणी देत होता आणि मी स्टुलावर बसून बघत होते. तेव्हा मनात आलं, त्या दिवशी मला कुणी विचारलं असतं की हा वाचेल, पण पन्नाशीत याला साखरेचं दुखणं लागेल, चालेल का? मी म्हटलं असतं, देवा, याला पन्नाशी दाखव.

सुखी राहा.
तुझी,
आई