तांब्यावरचं फडकं

वरकुटे, १८ जून २०२५

तीर्थरूप तात्यांना,
सूनबाई स्वरूपाचा शि. सा. न.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, आणि हे नणंदबाईंच्या तोंडून तुमच्या कानावर जायला नको, म्हणून पत्र. खुबा कसा आहे?

तुमच्या मधपेटीचं काही खरं नाही. नृसिंह जयंतीला तुम्ही दरवर्षी नरसिंहपूरला मधाचा तांब्या नेता. यंदा तुम्ही लेकीकडे, म्हणून मी नेला. पेटीच्या वरच्या कोठीतल्या मधाने तांब्या भरेना. सासऱ्यांचा तांब्या सुनेने अर्धा नेला असं व्हायला नको, म्हणून खालच्या कोठीतला, माशांच्या पोटाचा मधही काढला. आता डाळिंबाला फूल नाही आणि पाऊस लागलाय. पेटी हाताला हलकी लागते, माशा मलूल बसून असतात. वीस वर्षं जपलेलं मोहोळ माझ्या हातून गेलं तर तुम्हाला तोंड कसं दाखवू? रागावलात तरी चालेल, पण काय करू ते कळवा.

तुमची,
स्वरूपा

कोऱ्हाळे बुद्रुक, २३ जून

चि. सौ. स्वरूपाला अ. उ. आ.

रडत बसू नकोस. आधी वरची कोठी उतरव. मूठभर माशांना एवढ्या जागेत ऊब धरता येत नाही, आणि रिकाम्या पोळ्यांना कीड लागते. दिवस मावळताना साखरेचा पाक वाटीत घालून, माशा बुडू नयेत म्हणून वर काड्या टाकून आत ठेव. बाहेर थेंब सांडला तर मुंग्या येतील. पेटीचं तोंड बोटभरच उघडं ठेव.

आता माझं ऐक. तो तांब्या मी एकदाही भरून नेलेला नाही. दोन पळ्या मध असायचा, बाकीचा माशांना. फडकं बांधायचो ते आत किती आहे ते दिसू नये म्हणून. लोक रामहरीचा भरला तांब्या म्हणायचे, ते मला गोड लागायचं. म्हणून घरातसुद्धा बोललो नाही. चूक माझी आहे, पोरी, आणि मला तिची लाज वाटते.

या म्हाताऱ्यावरची माया कमी करू नकोस.

तात्या

वरकुटे, २ ऑगस्ट

तीर्थरूप तात्यांना,
शि. सा. न.

सगळं तुमच्या सांगण्याप्रमाणे केलं. पंधरा दिवस काही फरक दिसेना. सकाळी चहाच्या आधी पेटीला कान लावायचे, आणि आवाज आला की मगच चूल पेटवायचे. आता मक्याला तुरे आलेत. माशा पाय पिवळे करून येतात. काल पेटी उघडली, तर राणीने अंडी घातलेली दिसली. वरची कोठी मात्र चढवलेली नाही, आधी खालची भरू दे.

तुमच्यावर रागवायचं ठरवलं होतं, पण जमलं नाही. चालायला लागलात की घरी या. पुढच्या जयंतीला तांब्या तुम्हीच न्या, दोन पळ्यांचा. फडकं मी बांधून देईन, दुहेरी गाठ मारून.

आहे तशीच माया असू द्या.

तुमची,
स्वरूपा