चंबूतलं शेवाळ बिनविषारी झालं

वूशी, २६ ऑगस्ट

तीर्थस्वरूप गेनशेंगदादांना मावसभाऊ वेइशानचा वाकून नमस्कार (कंबर धरल्यामुळे मनातल्या मनात वाकलोय).

मी बरा आहे. सरोवर-संस्थेत पन्नाशीचा माणूस जितका बरा असू शकतो तितका. तुमचा रक्तदाब काय म्हणतो? वहिनींचे गुडघे? पाठवलेल्या डुकराच्या गोड बरगड्या पोचल्याच असतील आणि साखरेचं पथ्य त्याच दिवशी मोडलं असेल.

पत्र सहजच लिहितोय, काम काही नाही. एकवीस वर्षांपूर्वी तुमच्या काठावरून मी ओंजळभर शेवाळ नेलं होतं, आठवतं? पाण्यावर सायीसारखं धरतं ते निळं-हिरवं. तेव्हा त्याच्या अर्काने उंदराचं यकृत जायचं, असं जहाल! त्याला मी चंबूत बारा तास उजेड दिला, वेळच्या वेळी खाणं दिलं. ना वारा, ना शत्रू. थोडक्यात सरकारी नोकरी दिली. गेल्या महिन्यात तानबाईंनी (आमच्या संचालिका, वय चौतीस, उत्साह भयंकर) त्याचा जीनोम नव्याने वाचून घेतला, तर विष बनवणारी जनुकं गायब. तरंगायचीही मोडीत निघालेली. बिचारं तळाशी बसून असतं. बाई चंबूकडे बघून, मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "हुआसाहेब, संगतीचा परिणाम."

सोमवारी बीजिंगहून तपासणी आहे. तोवर जिवंत विषारी शेवाळ दाखवलं नाही, तर शेवाळसंग्रह बंद आणि माझी रवानगी शाळेच्या सहलींना माशांची चित्रं दाखवायला.

म्हणून परवा तुमच्या धक्क्यावर आलो (तुम्ही बैठकीला गेला होतात). एरवी ऑगस्टात तिथे पाय घातला की हिरवा मोजा चढतो. परवा पाणी आरशासारखं! जाळी धुणाऱ्या मेइझेनकाकू म्हणाल्या, "काल जिल्ह्याचे साहेब येऊन गेले ना! गेनशेंगनं चार दिवस उपसायला लावलं. हात राहिले नाहीत आमचे." मी म्हटलं, मला बादलीभर हवं होतं. "अगं बाई! वीस वर्षं काढा काढा म्हणून तुम्हीच ओरडलात. काढलं, तर आता रडताय?"

मग पश्चिम काठ गाठला. वाऱ्याने उरलंसुरलं तिकडेच लोटलं होतं. तिथला मुकादम गुडघाभर हिरव्यात उभा. बादली पुढे केली तर म्हणतो, "आमच्या हद्दीत शेवाळ नाही. वरती तसं लेखी दिलंय." मी पाण्याकडे बोट दाखवलं. तो म्हणाला, "नसलेलं तुम्ही नेणार कसं?" रिकामी बादली मांडीवर घेऊन बसने घरी आलो.

असो. वहिनींना नमस्कार.

तुमचा,
हुआ वेइशान

ता. क. रविवारपर्यंत तुमच्या उपसणाऱ्या टोळीला सुट्टी द्या. काठावर जे धरेल त्याची एक बादली मला ठेवा.

आणखी ता. क. तुमच्या धक्क्याच्या दोरावरून नखभर खरवडून आणलं होतं; ते जनुकं वाचण्यातच संपलं. निकाल आत्ता आला: विषाची सगळी जनुकं शाबूत! आनंदाने उडीच मारली. मग आठवलं, मावशी पालेभाजी तिथेच धुते. तिला आजपासून नळावर धुवायला सांगा. कारण मात्र सोमवारनंतर सांगा. गावात बोभाटा झाला तर लोक तुम्हाला लगेच उपसायला लावतील, आणि या वेळी त्यांचं बरोबर असेल.