चोवीस तुकड्यांचं भुयार

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

आलो एकदाचा कोराडीत! नागपुरातल्या इतवारीच्या त्या काडेपेटीसारख्या खोलीतून सुटका झाली. इंदूबाईंच्या घराचा पुढचा भाग भाड्याने मिळाला आहे. मोठी खोली, भरपूर उजेड, माझं लांबडं टेबल सहज मावतं. पंचवीस वर्षं लग्नाच्या मांडवांसाठी थर्माकोलचे मोर कापले. आता लेकीच्या नादाने भुयारं कापतो. प्रीतीची मित्रमंडळी टेबलाभोवती बसून एक खेळ खेळतात. एक जण गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. मग पुढ्यात मांडायला गुहा लागतात, पूल लागतात, तळघरं लागतात. ती मी बनवतो. चौकोनी तुकडे, कडेला चुंबक. कुठलाही तुकडा कुठल्याही तुकड्याला लावा, दर वेळी भुयार नवं! पुण्याच्या एका क्लबला चोवीस तुकडे हवे आहेत.

सामान उतरवताना इंदूबाई मागच्या खोलीतल्या मडक्याकडे हात करून काही सांगत होत्या. नेमका कोळशाचा ट्रक भोंगा वाजवत गेला. पण आपले कान तिखट. 'राखड हाये, घेऊ' एवढं बरोबर टिपलं, म्हणजे लागेल तेवढी घ्या. बाई दिलदार दिसते. तशी इथे वीजकेंद्राची राखड, जळलेल्या कोळशाची करडी भुकटी, जिकडेतिकडे उडतच असते म्हणा.

६ फेब्रुवारी

प्लास्टरमध्ये मडक्यातली राखड मिसळली. काय रंग आला! थेट जुना दगड. थोडे पांढरे खडे निघाले, ते खलबत्त्यात कुटून घेतले.

तुकडा वाळला की नाही हे मी डोळ्यांनी बघत नाही. बोटाने दोन टिचक्या मारतो. ओला बद्द वाजतो, वाळलेला खणखणीत. इंदूबाई दारात उभ्या राहून ऐकत होत्या. म्हणाल्या, त्यांचे यजमान देवरावही असेच दोनदा ठोकायचे, वीजकेंद्रातल्या राखेच्या पाइपांवर. कुठे तुंबलंय ते कानाने सांगायचे आणि मोकळं केल्याशिवाय घरी यायचे नाहीत. "कानाचा राजा होता गा माणूस." दिवाळीत गेले. मी म्हटलं, मग आमचं छान जमलं असतं. बाई हसल्या नाहीत.

९ फेब्रुवारी, रविवार

प्रीती आली होती, मिहानला नोकरीसाठी घेतलेल्या तिच्या रूमवरून. दिवसभर दोघं पॉलिशपेपरने कडा घासत बसलो. तोंडाला रुमाल बांध म्हटलं तर म्हणते, "बाबा, तुम्ही तरी बांधला काय?" संध्याकाळी दोघंही धुरळ्याने करडे. पोट दुखेस्तोवर हसलो.

जाताना खोकत होती.

११ फेब्रुवारी

सातव्या तुकड्यावर दोन टिचक्या मारल्या. उत्तर आठव्यातून आलं. दोनदा.

चुंबक सरकला असेल.

१३ फेब्रुवारी

आता हात न लावताच वाजतात. आधी पहिला, मग शेजारचा, मग त्याच्या पुढचा. पाइपावर ठोकत ठोकत कोणी तुंबलेली जागा शोधत जावं तसं. चोविसाव्यापाशी येऊन थांबतं. पुन्हा पहिल्यापासून. त्याला काहीतरी सापडत नाहीये.

'त्याला' असं का लिहिलं मी?

१४ फेब्रुवारी

इंदूबाई रिकामं मडकं घेऊन आल्या. ओरडल्या नाहीत. "राख म्हणलं होतं म्या, भाऊ. राखड काहून ऐकलं तुम्ही? राख हाये, घेऊ नका म्हणलं होतं."

'नका' ट्रकने खाल्लं.

देवरावांची राख. सोमवारी मुलगा दुबईहून येणार, मग रामटेकला अंबाळा तलावात सोडायची, म्हणून ठेवलेली. आणि ते पांढरे खडे. मी कुटले ते —

१५ फेब्रुवारी

चोवीसच्या चोवीस तुकडे फोडले, कुटले, मडक्यात भरले. प्लास्टरसकट भरल्यावर मडकं ओसंडायला हवं होतं. गळ्यापाशीच थांबलं. इंदूबाईंनी मडक्याला कान लावला. "कमी हाये. अजून शोधून राहिले ते."

खोली दोनदा झाडली. फटी कोरल्या. बाकीची कुठे —

घासताना. धुरळा. रुमाल नव्हता.

१६ फेब्रुवारी, सकाळ

छातीवर दोन टिचक्या मारल्या. माझ्यात असू दे. माझ्यातच असू दे.

बद्द.

पुन्हा मारल्या. बद्द. ओलं, जिवंत माणूस, दुसरं काही नाही.

प्रीतीला फोन केला. खोकतच बोलत होती. रूमचं दार कोणीतरी ठोकतं म्हणे. दोनदाच. उघडलं की कोणी नाही. बसमध्ये बसली आहे, इकडेच येते आहे. मी ओरडलो, येऊ नको. तर म्हणते, "असं काय करता बाबा, मघाशी तुम्हीच तर बोलावलं."

मी नाही —

दुपार

आली. भिंतीला टेकून बसली आहे. ओठ करडे. डॉक्टरकडे न्यायला ऑटो बोलावला आहे. अजून येत नाही.

ओसरीत इंदूबाई. मांडीवर मडकं, झाकण काढलेलं. गोड आवाजात म्हणतात, "लेक येऊन राहिला उद्या. भरून द्या गा, भाऊ."

प्रीतीच्या पाठीला कान लावून बसलो आहे, वही गुडघ्यावर. बद्द वाजू दे. एवढं एकदा बद्द वाजू दे. बोट उचललं. अजून मारलीही नाही टिचकी आणि आतून खण —