नायकाच्या नावावर

पुणे,
१८ नोव्हेंबर २००५

ती. स्व. वामनमामांना अनघाचा सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. दिवाळीत तुम्हीच म्हणालात की फोनवर भाचीचं निम्मं बोलणं ‘हॅलो, ऐकू येतंय का’ यातच संपतं, काही काम असेल तर लिहून कळव. काम आहे, म्हणून कळवते.

कुंदामामी शेजारणींना सांगते, अनघा कॉम्प्युटरचं शिकते. यवतमाळला आई सांगते, मॅनेजमेंटचं शिकते. दोघीही बरोबर आहेत. सकाळी आम्ही प्रोग्रॅम लिहितो आणि दुपारी माणसांकडून काम कसं करून घ्यावं ते शिकतो. पदवी मात्र एकच मिळणार. सर म्हणतात, यंत्र आणि व्यवहार यांच्या मधोमध उभं राहता येईल त्याला पुढे मरण नाही. मी तूर्त मधोमध लोंबकळते आहे.

शेवटच्या सत्रात एखाद्या खऱ्या कचेरीत आपली प्रणाली बसवायची, ती महिनाभर चालवायची आणि तिथल्या प्रमुखांकडून ‘प्रणाली समाधानकारक चालली’ असं प्रमाणपत्र आणायचं. इथल्या एका कंपनीने मला धरून आमच्यातल्या तिघांना निवडून ठेवलं आहे. पक्कं करणार ते प्रकल्प बघून. वर्गातल्या मुलांनी बँका आणि दवाखाने धरलेत. मला तुमचं जिनिंग सोसायटीचं कापूस खरेदी केंद्र हवं आहे.

सुट्टीत तीन दिवस तुमच्या खुर्चीशेजारी बसून मी सगळं टिपून घेतलं. तुमच्या डोमाजी कारकुनांची वही, फाटकावरचा गोंधळ, रस्त्यापर्यंत गेलेली गाड्यांची रांग, नंबरावरून होणारी भांडणं. संध्याकाळी खिडकीवर नाव सांगायचं, कॉम्प्युटर क्रम लावेल आणि सकाळी यादी भिंतीवर लागेल. भांडायला जागाच नाही. संचालकांना विचाराल का?

मामीला नमस्कार. आहे ती माया राहू द्या. परवानगी मिळवलीत तर माझ्याकडून दुप्पट मिळेल.

तुमची,
अनघा


आर्णी,
२७ नोव्हेंबर २००५

चि. अनघास वामनमामाचे अनेक आशीर्वाद.

परवानगी मिळाली. संचालक मंडळात कुणीही विरोध केला नाही, कारण कॉम्प्युटरला नाही म्हणणारा माणूस मागासलेला ठरतो. आपल्या केंद्रातला कॉम्प्युटर दोन वर्षांपूर्वी आला. तुझ्या मामीने विणलेल्या झाकणाखाली तो सुखात आहे. त्यावर डोमाजी जेवणाचा डबा ठेवतात. डब्याची दुसरी सोय करावी लागेल.

एक काम मात्र तुझ्या प्रोग्रॅमने करायलाच हवे. व्यापारी एकाच माणसाच्या नावावर चार-चार नंबर घेऊन ठेवतात आणि खरा शेतकरी मागे पडतो. एका नावाला एका दिवशी एकच नंबर मिळेल असे कर. हे झाले तर मी तुला कंपनीच्या आधी नोकरी देईन.

इकडचे वर्तमान तू पेपरात वाचतेसच. आपल्या जिल्ह्याचे नाव रोज असते, चांगल्या कारणाने नसते. दिल्लीहून माणसे येतात, गाड्यांचे फोटो काढतात, मान हलवतात आणि जातात. बैल आता कॅमेऱ्याला सरावले आहेत. भारनियमन रोज आठ-नऊ तास आहे, तेव्हा तुझी यादी वीज असेल त्या वेळात छापावी लागेल.

मामी लिहायला सांगते की डोक्याला तेल लाव. हा निरोप मॅनेजमेंटच्या कोणत्या भागात बसतो ते तू बघ.

तुझा,
वामनमामा


पुणे,
१४ डिसेंबर २००५

ती. स्व. वामनमामांना सा. न. वि. वि.

सीडी वेगळ्या पाकिटातून पाठवली आहे. कसं चालवायचं ते डोमाजींसाठी मोठ्या अक्षरात लिहून दिलंय. तुमचं काम चोख केलं. नाव आणि गाव दोन्ही सारखं असेल तर पहिली नोंद राहील, बाकीच्या आपोआप गळतील. सर म्हणाले, या एका नियमामुळे प्रकल्प नुसता कॉम्प्युटरचा राहिला नाही, व्यवस्थापनाचाही झाला. माझी मान जरा ताठ झाली आहे, मोडायच्या आत सांगून टाकलं.

दोन जानेवारीपासून सुरू करा. तेल लावते आहे. डोक्यावरचा तुमचा हात तसाच असू द्या.

अनघा


आर्णी,
२६ जानेवारी २००६

चि. अनघास आशीर्वाद.

झेंडावंदन आटोपून लिहायला बसलो आहे. पहिले दोन आठवडे तुझी यादी उत्तम चालली. डोमाजी एका बोटाने का होईना, टाइप करू लागले. भांडणे थांबली. सोळा तारखेला अध्यक्ष लोहाऱ्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या चार पाहुण्यांना यादी दाखवायला घेऊन आले. मी त्यांना सगळे समजावून सांगितले. माझी भाची, हेही सांगितले.

त्याच दिवशी पुढील प्रकार घडला. आदल्या संध्याकाळी पळसतांडा या बंजारा वस्तीच्या अकरा गाड्या आल्या होत्या. तांड्याच्या रिवाजाप्रमाणे अकराही गाड्या तांड्याचे प्रमुख, नायक पूनमसिंग यांनी आपल्या नावावर सांगितल्या. डोमाजींनी अकरा वेळा तेच नाव टाइप केले. सकाळच्या यादीत एकच पूनमसिंग राहिले. यादीत नाव नसल्याने उरलेल्या दहा गाड्या रांगेतून काढण्यात आल्या. त्यांना शेवटी उभे राहून नव्याने नाव द्यावे लागले आणि पाळी सहा दिवस लांबली. वीस तारखेला अवकाळी पाऊस झाला. पूनमसिंग यांची विधवा भावजय रुपीबाई हिच्या गाडीवरची ताडपत्री फाटकी होती. कापूस भिजून पिवळा पडला आणि दोन ग्रेड खाली गेला. वर्षभराची वेचणी तिने एकटीने केली होती.

त्या दिवसापासून प्रोग्रॅम बंद करून डोमाजींची वही पुन्हा सुरू केली आहे. प्रणाली समाधानकारक चालली असे मी लिहून देऊ शकत नाही. तुला वाईट वाटेल, मला कळते.

मामी तुझ्यावर रागावलेली नाही, माझ्यावर आहे. माझ्यावरचा तुझा लोभ कमी झाला तरी समजू शकेन.

वामनमामा


पुणे,
२ फेब्रुवारी २००६

ती. मामांना नमस्कार.

तुमचं पत्र तीनदा वाचलं. रुपीबाईंचं वाचून फार वाईट वाटलं. पण मामा, बाकीच्या सगळ्या गाड्यांना नंबर बिनबोभाट मिळाला, त्याचं काहीच नाही का? आणि एका नावाला एकच नंबर हा नियम कुणी मागितला होता? मी तर तुमच्या शब्दाबाहेर एक ओळ लिहिली नाही.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, अहवालात याला तयार शीर्षक आहे, ‘वापरकर्त्याने दिलेली चुकीची माहिती’. नायकांनी अकरा गाड्या स्वतःच्या नावावर सांगितल्या हे त्यांनी लिहून दिलं, की दोष प्रणालीकडे राहत नाही आणि तुम्हाला प्रमाणपत्र देता येतं. प्रमाणपत्राशिवाय प्रकल्प धरत नाहीत. पदवी लांबते, कंपनी वाट बघत नाही. माझं सगळं तुमच्या एका सहीवर अडलं आहे.

पूनमसिंग नायकांकडून तेवढं लिहून घ्याल का? मागताना मला बरं वाटत नाही, तरी मागते आहे. आई म्हणते, मामा तत्त्वाचा माणूस आहे, ऐकणार नाही. तत्त्व दुसऱ्याच्या वर्षावर चालवणं सोपं असतं, असं माझ्या मनात आलं. आलं ते लिहिलं. रागावलात तरी उत्तर टाळू नका.

अनघा


पळसतांडा,
ता. आर्णी,
११ फेब्रुवारी २००६

अनघाताईला पूनमसिंग नायकाचा रामराम आणि जय सेवालाल.

ताई, मी वर्षा, नायकांची मुलगी, आर्णीला बारावीत आहे. बाबा सांगतात तसंच लिहिते, सुधारून लिहू नको म्हणतात.

पोरी, वामनसाहेब तांड्यावर आलते. तुयं पत्र त्याईनं वाचून दाखवलं. मागतलं काई नाई, वाचलं अन् घडी करून खिशात ठेवलं. चहा बी अर्धाच पेले. मंग मले समजलं का यायले काय पाह्यजे.

तू दिवाळीत केंद्रावर आलती तवा म्या तुले पाह्यलं होतं. वहीत लिहून राह्यली होती. आपलं बोलणं झालं नाई. झालं असतं तं सांगतलं असतं. आमच्या आजाच्या टायमाले बैलाईवर मीठ लादून तांडा चाले. नाक्यावर एकच नाव सांगत, नायकाचं. मागं शंभर बैल असो का पाचशे. बैल हरपला, माल भिजला, कोनाशी भांडन झालं, सारं नायकाच्या नावावर. नाव सांगनं म्हनजे मालकी नोहे, जबाबदारी होय. आता बैलाच्या जागी कापसाच्या गाड्या आल्या, रिवाज तोच हाये. तुया मशिनीले हे काहून समजन? तिचा काई दोष नाई.

तं तू असं लिही का चूक पूनमसिंग नायकाची. अकरा गाड्या अन् नाव एक सांगतलं. खाली माही सही हाये, सोबत शिक्का बी मारला. तांड्याचं एवढं सारं माह्या नावावर हाये, ही एक चूक अजून. मले जड नाई. तू पास हो. माही वर्षा बी पुढच्या साली तुयासारखं शिकाले जातो म्हनते, तिले वाट दाखवजो.

ताई, मी खरंच जाते म्हणते. त्या कोर्सला गणित किती लागतं ते कळवाल का?

आमची आठवण ठेवजा, तांड्यावर येऊन भाकर खाजा.

पूनमसिंग नायक
(वर्षाच्या हातचं)


पुणे,
२१ मार्च २००६

ती. स्व. वामनमामांना अनघाचा शिरसाष्टांग नमस्कार.

काल तोंडी परीक्षा झाली. आधी निकाल सांगते. प्रकल्प नामंजूर झाला. तो पुढच्या सत्रात पुन्हा करायचा, म्हणजे पदवी सहा महिने लांबली. कंपनीने कळवलं की शुभेच्छा.

नायकांचं पत्र माझ्या फाइलमध्ये होतं. सर बाहेरच्या बाकावर शेवटपर्यंत सांगत होते, प्रमाणपत्र नसलं तरी ते पुढे ठेव, काम होईल. परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला की प्रणाली बांधण्याआधी किती शेतकऱ्यांशी बोललात. मी फाटक मोजलं होतं, वजनकाटा पाहिला होता, डोमाजींच्या वहीची पानं उतरवली होती. गाडीवर बसलेल्या एकाही माणसाला मी एक प्रश्न विचारला नव्हता. एकाशीही नाही, असं सांगितलं. मग चूक कुणाची, असं त्यांनी विचारलं. माझी, मी म्हणाले. फाइल उघडली नाही.

त्या माणसाने माझ्यासाठी चूक अंगावर घ्यायला शिक्का मारून कागद पाठवला आणि मी तो वापरायला निघाले होते, याची मला लाज वाटते मामा. वसतिगृहाच्या गच्चीवर जाऊन खूप रडले. निम्मं लाजेनं आणि निम्मं नोकरीसाठी, खोटं कशाला सांगू?

तुम्हाला तत्त्वावरून बोलले ते मागे घेते. तुम्ही सही केली असती तर मी आज पास असते आणि मला काही कळलंही नसतं. नायकांना आणि वर्षाला वेगळं लिहिलं आहे. गणित बरंच लागतं हेही कळवलं. पुन्हा करायचा तो प्रकल्प तुमच्याच केंद्रावर करू का? या वेळी आधी रांगेत उभी राहीन.

मामीला नमस्कार. नापास भाचीवरही जीव तेवढाच असू द्या.

तुमची,
अनघा


आर्णी,
२९ मार्च २००६

चि. अनघास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र आले. मी सही केली नाही हे बरोबर ठरले असे तू लिहिले आहेस, म्हणून हे लिहिणे भाग आहे.

सव्वीस जानेवारीच्या पत्रात ‘दहा गाड्या रांगेतून काढण्यात आल्या’ असे मी लिहिले. तीस वर्षांच्या नोकरीत अशी वाक्ये हाताला आपोआप येतात. त्या गाड्या मी काढल्या. पूनमसिंगला मी सव्वीस वर्षे ओळखतो. डोमाजींच्या वहीत दरसाल एक नाव आणि पुढे गाड्यांच्या रेघा असतात. तांड्याचा रिवाज मला तोंडपाठ होता. तुझा नियम मागताना तो आठवला नाही, हे एक वेळ चालले असते. पण सोळा तारखेला सकाळी रुपीबाई खिडकीवर आली आणि डोमाजी उठून मला विचारायला आले, तेव्हा मला सगळे आठवले होते. शेजारी अध्यक्ष आणि पाहुणे उभे होते. ही यादी चुकत नाही असे मी त्यांना नुकतेच सांगितले होते. यादीत असेल तेच खरे, असे मी डोमाजींना म्हणालो. तोंडाने एक शब्द बोललो असतो तर गाड्या रांगेत राहिल्या असत्या.

प्रमाणपत्राला नकार दिला तो तत्त्वासाठी नव्हे. तो कागद पुढे घेतला की ती सकाळ आठवे. तू चूक आपल्या माथी घेतलीस आणि मी तत्त्वाचा माणूस राहिलो. हे मला सहन होत नाही.

रविवारी तांड्यावर गेलो आणि पूनमसिंग व रुपीबाई दोघांसमोर हे सांगितले. पूनमसिंग हसला. म्हणाला, ठावं हाये साहेब, मी भावजयीच्या मांगच उभा होतो. म्हून तं माह्या नावावर टाका म्हनलं, तुमच्या दोघाईले एक नाव पुरून उरते. मला हलके वाटले. तेवढ्यात रुपीबाई बोलली. म्हणाली, तुमी तिघं चुकीची वाटनी करून राह्यले, करा. पर भिजला तो कापूस माहा होता, अन् मले कोनी इचारलं नाई का बाई, तुयं काय झालं. पूनमसिंगने मान खाली घातली. मीही.

तेव्हा मी तिला विचारले. ती बराच वेळ सांगत होती. ते मी तुला पत्रात लिहिणार नाही, तू आलीस की तिच्याकडूनच ऐक. प्रकल्प इथेच कर.

झाल्या प्रकाराचे खरे पत्र मी माझ्या सहीने तुमच्या विद्यापीठाला आणि आमच्या अध्यक्षांना पाठवले आहे. तुझे गुण त्याने वाढणार नाहीत. माझे काय होईल ते एप्रिलच्या बैठकीत कळेल. मामीला सांगितले. ती म्हणाली, उशीर केलात.

लोभ असावा असे लिहायची सवय आहे. या खेपेला तो ठेवायचा की नाही, हे तू ठरवून कळव.

वामनमामा